गाडीच्या स्टिरिओला जोडलेला छोटा प्लेअर, नऊ महिने वापरल्यावर

दिवाळीच्या पाडव्याला घेतलेला एमपीथ्री प्लेअर गेले नऊ महिने माझ्या गाडीच्या स्टिरिओला जोडलेला आहे. मी रोज सोलापूरहून मोहोळला शाळेत जाते, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. गाडी २०१३ची, स्टिरिओ गाडीसोबत आलेला. ब्लूटूथ नाही, ऑक्सचं भोक (बाहेरचा प्लेअर केबलने जोडायची जागा) आणि एक यूएसबी, एवढंच. फोनही लावता आला असता, पण मध्येच पालकांचे फोन येतात आणि नजर पडद्याकडे जाते. प्लेअरला दाबायची खरी बटणं आहेत. रस्त्यावरची नजर न हलवता बोटाला पुढचं गाणं सापडतं.

मुख्य कारण मात्र आजीच्या ओव्या. अण्णांनी १९८९ साली, आजी जात्यावर बसलेली असताना, त्या टेप केल्या होत्या. दोन कॅसेटी माळ्यावर पडून होत्या, त्या मी मागच्या वर्षी लॅपटॉपवर उतरवल्या. आवाज फार बारीक आला आहे. हे बारीक असणं पुढे महत्त्वाचं ठरलं, म्हणून सांगून ठेवते.

पहिल्याच दिवशी फक्त डावा स्पीकर वाजला. पिन जरा फिरवली की दोन्ही वाजत, खड्डा आला की पुन्हा एकच. मी केबल बदलली, तरी तेच. मग रविवारी प्लेअर उजेडात धरून नीट पाहिला. त्याच्या रबरी कव्हरचं भोक लहान होतं, त्यामुळे पिनेचा जाड भाग कव्हरला टेकायचा आणि पिन मिलिमीटरभर बाहेरच राहायची. कव्हर काढून पिन दाबली तेव्हा बारीक ‘टक्’ झालं आणि दोन्ही बाजू वाजायला लागल्या. ब्लेडने भोक मोठं केलं, तो त्रास संपला. नवी केबल उगाच घेतली गेली.

खरा छळ जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास सुरू झाला. प्लेअरची बॅटरी रोज संध्याकाळपर्यंत उतरायची, म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा चार्जर घेतला. दुसऱ्या दिवशी बाळे गाव ओलांडून वेग घेतला, तर ओव्यांच्या मागे एक बारीक, लांबट सूर. आधी वाटलं जात्याचीच घरघर असेल, टेप जुनी आहे. पण पाय ॲक्सिलरेटरवर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. जातं काही माझ्या पायाच्या तालावर फिरणार नाही! दोन ओव्यांमध्ये आजी श्वास घ्यायला थांबते, नेमक्या त्या शांततेत तो सूर सगळ्यात मोठा ऐकू यायचा.

एका दुकानात गाडी नेली. तिथल्या मुलाने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, स्टिरिओच गेलाय. नवीन टाकून घ्या, आठ हजारात बसतंय.” त्याने एकही वायर काढून पाहिली नाही, याचा मला अजून राग आहे. घरी येऊन अंगणात मी स्वतःच एकेक गोष्ट वेगळी करत गेले. इंजिन बंद ठेवून चावी एक टप्पा फिरवली आणि प्लेअर लावला: सूर नाही. इंजिन सुरू केलं: सूर आला. इंजिन चालूच ठेवून चार्जरची वायर उपसली: सूर जागच्या जागी बंद. पुन्हा लावली, पुन्हा आला. म्हणजे स्टिरिओ चांगला, प्लेअर चांगला, केबलही चांगली. भांडण त्यांच्या जोडणीत होतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. चार्जरची वायर गाडीच्या निगेटिव्हला जाते. ऑक्सच्या केबलची बाहेरची जाळीसुद्धा स्टिरिओमधून त्याच निगेटिव्हला जाते. प्लेअरमुळे ही दोन टोकं जोडली जातात आणि एक वेटोळं तयार होतं, ज्याला ग्राउंड लूप म्हणतात. गाडीच्या पत्र्यावर दोन ठिकाणी व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे अल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राची, खरखर ऑक्सच्या जाळीतून वाहते आणि स्टिरिओ तिला गाणं समजून मोठी करतो. अल्टरनेटर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून सूर ॲक्सिलरेटरबरोबर चढतो-उतरतो. माझं रेकॉर्डिंग बारीक, म्हणून मी स्टिरिओ जोरात लावायची आणि खरखर आणखी वाढायची. आता प्लेअरचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवते आणि स्टिरिओचा कमी. एवढ्यानेच निम्मा फरक पडला.

उरलेल्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर घेतला, तीनशेच्या आत मिळाला. काड्यापेटीएवढी डबी, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकातून पलीकडे जातो आणि वायरींचा थेट सांधा राहत नाही. सूर पूर्ण गेला. पण ढोलकी ऐकताना खालचा घुमारा किंचित पातळ झाल्याचं जाणवतं. म्हणून रोज मी प्लेअर रात्री घरीच चार्ज करते, वाटेत चार्जर लावतच नाही. डबी फक्त पुण्याला जाताना. तुमच्या गाडीत असा सूर येत असेल तर आधी चार्जर काढून पाहा, मग खिशात हात घाला.

यूएसबीतून थेट लावूनही पाहिलं. स्टिरिओवर ‘नो फाइल’ आलं. कार्डावर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात; प्लेअरमधलं ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट पद्धतीचं होतं, जुन्या स्टिरिओला फॅट३२च कळतं. सोळा जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ करून लावला तर वाजला, पण देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन, आणि क्रम नावांप्रमाणे नव्हे, ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या तसा. ऑक्सवर यातलं काहीच अडत नाही, कारण वाचायचं काम प्लेअर करतो आणि त्याच्या पडद्यावर मराठी नीट दिसतं.

उन्हाळ्याबद्दल कळकळीने सांगते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. लिथियमच्या बॅटरीला हे सोसत नाही. एका दुपारी प्लेअर डॅशबोर्डवर राहिला, हात लावला तर चटका बसला आणि तो सुरूच होईना. सावलीत तासभर ठेवल्यावर जिवंत झाला, पण तेव्हापासून बॅटरी पूर्वीइतकी टिकत नाही. आता तो डब्याच्या पिशवीतून माझ्याबरोबर वर्गात येतो.

मागच्या गुरुवारी अण्णांना घेऊन अक्कलकोटला गेले. चार्जर काढलेला, खिडक्या बंद. वळसंग येईपर्यंत ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मागं घे जरा. बांगड्या ऐकू आल्या.” जात्याचा खुंटा फिरवताना आजीच्या बांगड्या वाजायच्या, मी इतक्यांदा ऐकूनही त्या मला कधी कळल्या नव्हत्या. पण मागे नेणं सोपं गेलं नाही. कॅसेटीची एक बाजू म्हणजे एकच लांब फाइल, आणि बटण दाबून धरलं की प्लेअर कितीतरी मागे पळतो. रात्री घरी येऊन लॅपटॉपवर त्या फाइलीचे एकेका ओवीप्रमाणे तुकडे केले. बांगड्या अकराव्या तुकड्यात आहेत.