जुन्या ली-एनफिल्ड रायफलला स्कोप (नेमाची दुर्बीण) लावावा का?
इथे अल्बर्टात हरणाच्या सीझनसाठी जुनी ली-एनफिल्ड नंबर ४ घेतलेली, कॅनडातच लाँग ब्रँचच्या कारखान्यात बनलेली, पुढचं लाकूड आधीच कुणीतरी कापून स्पोर्टर, म्हणजे शिकारीसाठी हलकं, केलेलं. स्कोप लावायला गनस्मिथकडे (बंदुकीच्या कारागिराकडे) गेलो तर म्हणाला रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाला, भोकं पाडू नकोस, नेम धरायची मागची साइट काढून तिथे बसणारा माउंट (स्कोप धरणारा भाग) घे. घेतला. बोल्टचा (गोळी आत ढकलणाऱ्या भागाचा) दांडा मुळातच खाली वाकलेला, स्कोपला अडत नाही, त्यामुळे जुन्या माउझर रायफलसारखी कापाकापी नाही, पण स्कोप एवढा उंच बसतो की लाकडाला गाल नाही, हनुवटी टेकते! फोमची पट्टी चिकटवली तेव्हा कुठे जमलं. जवळून शिकार करणाऱ्याने उगाच खर्च करू नये, मला चाळिशी लागलीये म्हणून नाइलाज. दुकानाला ४ स्टार, एक कापला कारण दोन आठवडे सांगून पाच लावले.