हातमोजा की कॅमेरा?

भाचीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. हाताच्या खुणांनी कॉम्प्युटर चालवायचा प्रोजेक्ट ठरलाय. अडलंय एवढंच की सेन्सरचा हातमोजा करावा की कॅमेरा वापरावा.

खर्चात कॅमेरा सरळ पुढे. लॅपटॉपला वेबकॅम असतोच आणि गूगलचं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर फुकट. ते हातावरचे 21 बिंदू शोधून देतं. मोज्याला पाच फ्लेक्स सेन्सर, म्हणजे बोट किती वाकलं ते मोजणाऱ्या पट्ट्या, लागतात, आणि ते स्वस्त नाहीत.

मेहनतीचं म्हणाल तर मोजा घाम काढतो. सेन्सर जोडायच्या आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डाला अ‍ॅनालॉग पिना (कमी-जास्त होणारं व्होल्टेज वाचणाऱ्या) सहाच, आणि दर बोटाला एक लागते. मनगटाची हालचाल टिपायला एमपीयू-6050 हा सेन्सर जोडला की ए4 आणि ए5 या दोन पिना त्यालाच जातात; उरतात चार, बोटं पाच! म्हणून आठ अ‍ॅनालॉग पिनांचा आर्डुइनो नॅनो बोर्ड घ्यावा. शिवाय बोटं वाकवून वाकवून सोल्डरचे सांधे सुटतात. तिथे ताण येणार नाही अशी वायर बांधायलाच हवी. आणि मोजा दुसऱ्या कुणी घातला की सगळं नव्याने जुळवा.

पण उजेड कमी असला, किंवा एक बोट दुसऱ्यामागे लपलं, की कॅमेरा चाचपडतो. मोज्याला त्याने फरक पडत नाही.

वेळ थोडा आणि वापरून बघणारे बरेच असतील तर कॅमेरा घे. एकाच माणसाच्या बोटांचं वाकणं नीट मोजायचं असेल, तर मोजाच.