'थ्री इन वन' सर्व्हर कोर्स: खान्देशातल्या पोरांची फी जाते कुठे

टीवायचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बस स्टँडाबाहेर आणि कॉलेजांच्या फाटकावर एका साच्यातली पत्रके फिरू लागतात. वर सर्व्हर रॅकचा फोटो, खाली 'एमसीएसई, सीसीएनए, आरएचसीई थ्री इन वन, तिन्ही परीक्षांसह फक्त १८,००० रुपये, नोकरीची हमी'. एमसीएसई म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हरचे, सीसीएनए सिस्कोच्या नेटवर्किंगचे आणि आरएचसीई रेड हॅट लिनक्सचे सर्टिफिकेट. चोपडा, यावल, शिरपूरकडची पोरे ते पत्रक घेऊन येतात, सोबत वडील असतात आणि वडिलांच्या खिशात केळीचे नाहीतर कापसाचे पैसे. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "काका, दोनच सीट राहिल्यात." फसल्याचे कळते ते दिवाळीनंतर.

त्या पत्रकातले पहिले नावच मेलेले आहे. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए (एमसीएसईच्या आधीची पायरी) आणि एमसीएसईच्या परीक्षा ३१ जानेवारी २०२१ ला बंद केल्या. नाव तरी खपते, कारण गल्लीतला कोणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी एमसीएसई करून पुण्याला लागला हे वडिलांना ठाऊक असते. संस्था त्याच ओळखीवर जगते. म्हणून फी विचारण्याआधी परीक्षेचा कोड विचारायचा. उत्तर ७० ने सुरू झाले, उदाहरणार्थ ७०-४१०, तर ती परीक्षा आता देताच येत नाही. अभ्यासक्रमात विंडोज सर्व्हर २०१२ आर२ दिसला, तर त्याचा एक्स्टेंडेड सपोर्टही, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदतही, १० ऑक्टोबर २०२३ ला संपला.

सीसीएनए जिवंत आहे, पण त्यातही जुना माल चालवतात. फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनएची एकच परीक्षा आहे, कोड २००-३०१. २००-१२५ म्हणजे जुनी 'रूटिंग अँड स्विचिंग', ती तेव्हाच गेली. आरएचसीईची गंमत वेगळी. आधी आरएचसीएसए ही रेड हॅटची पहिली परीक्षा, कोड ईएक्स २००, पास व्हावे लागते, मग ईएक्स २९४, आणि ही दुसरी परीक्षा जवळपास सगळी अॅन्सिबलवर, म्हणजे अनेक सर्व्हर एकदम सांभाळायच्या साधनावर, आहे. छापील अभ्यासक्रमात सांबा, मेल सर्व्हर, आयस्कझी आहे आणि अॅन्सिबलचा पत्ता नाही, तर तो ईएक्स ३०० या जुन्या परीक्षेच्या काळातला कागद आहे. कोणीतरी झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली असते.

आता १८,००० चा हिशेब. सीसीएनएच्या एका परीक्षेची फी ३०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी २५,५०० होतात, वर १८ टक्के जीएसटी लावला की ३०,०९०. एकाच परीक्षेला एवढे लागत असताना १८,००० त बाकीच्या दोन बसतात कुठे? बसत नाहीतच. 'परीक्षेसह' म्हणजे संस्थेची स्वतःची परीक्षा, स्वतःचे सर्टिफिकेट, आणि त्यावर छापलेले 'आयएसओ ९००१ प्रमाणित'. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीला मिळते. त्यावरून कोर्सला मान्यता आहे असे ठरत नाही. खरे व्हाउचर, म्हणजे परीक्षेची फी आधी भरल्याचे कूपन, असेल तर त्याला नंबर आणि मुदत असते, ते दोन्ही आपल्या हातात हवेत. परीक्षेचे खाते आपल्याच ईमेलवर काढा. संस्थेच्या ईमेलवर काढले तर सर्टिफिकेटची किल्ली त्यांच्याकडे राहते. आणखी एक आपल्याकडचा घोळ: मार्कशीटवर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी. खात्यातले नाव ओळखपत्राशी जुळले नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते.

डेमोच्या दिवशी रॅक दाखवतात. काळे डबे, निळे दिवे, एसी, पोरगा खूश. त्या रॅकशी पाच मिनिटे मागून घ्या. आधी राउटरला कॉम्प्युटर थेट जोडणारी कन्सोल केबल मागा, ती बहुतेक फिकट निळी आणि चपटी असते. 'शोधतो' असे उत्तर आले तर रॅक फोटोपुरता आहे. केबल मिळाली तर राउटरवर 'शो व्हर्जन' ही कमांड द्यायला सांगा. तिथे अपटाइम दिसतो, म्हणजे डबा किती वेळ चालू आहे. सकाळची बॅच झाली म्हणतात आणि अपटाइम अकरा मिनिटे असेल, तर तो तुमच्यासाठी चालू केला आहे. रोज रात्री बंद करतात हे कारण चालेल, पण मग सकाळपासूनचे तास तरी दिसायला हवेत. त्याच उत्तराच्या शेवटच्या ओळीत कॉन्फिगरेशन रजिस्टर असते, म्हणजे राउटरने सुरू होताना काय करायचे हे ठरवणारा आकडा. ते ०एक्स२१०२ हवे. ०एक्स२१४२ दिसले, तर कोणीतरी पासवर्ड मोडून डबा तसाच सोडला आहे. असा राउटर सुरू होताना सेव्ह केलेले कॉन्फिगरेशन वाचतच नाही. पोरगा आज व्हीलॅन आणि ओएसपीएफ (नेटवर्कचे भाग पाडणे आणि मार्ग ठरवणे) लावून घरी जातो, उद्या सगळे कोरे, आणि सर म्हणतात, "तू सेव्ह केलं नसशील."

सिस्कोचा १८४१ राउटर किंवा २९५० स्विच जुना आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका. पायाभूत गोष्टी त्यावर चांगल्या शिकता येतात. खोट आहे ती 'लॅब सॉफ्टवेअर चार्जेस' घेऊन पॅकेट ट्रेसर, म्हणजे खोटे नेटवर्क कॉम्प्युटरवरच उभे करणारे सॉफ्टवेअर, देण्यात. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अॅकॅडमीवर खाते काढले की फुकट मिळतो.

विंडोजच्या लॅबमध्ये मशीनची रॅम बघा. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन तपासणारा मुख्य सर्व्हर), एक मेंबर सर्व्हर आणि एक क्लायंट ही तीन व्हर्च्युअल मशीन एकाच डब्यात चालवायची असतात. तिघांना ४-४ जीबी, खुद्द डब्याला म्हणजे होस्टला ४, म्हणजे १६ जीबी आणि एसएसडी. ४ जीबीच्या मशीनवर साध्या हार्ड डिस्कसह हे उभेच राहत नाही, मग सर प्रोजेक्टरवर करून दाखवतात. तापीच्या काठावर बसून पोहणे शिकण्यातला प्रकार. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हर १८० दिवस वापरायला अधिकृतपणे फुकट देते, तरी पेन ड्राइव्हवरून क्रॅक टाकलेला दिसेल. त्या क्रॅकसाठी आधी विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करतात, आणि तोच पेन ड्राइव्ह पोराच्या घरच्या लॅपटॉपला लागतो.

विंडोज शिकवणाऱ्याला दोन प्रश्न विचारले तरी पुरेसे होते. क्लायंटच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) गूगलचे ८.८.८.८ टाकले तर डोमेन जॉइन का होत नाही, म्हणजे मशीन डोमेनमध्ये सामील का होत नाही? उत्तर असे: डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे सांगणाऱ्या एसआरव्ही नोंदी आपल्या आतल्या डीएनएसमध्ये असतात, गूगलला त्या माहीत नाहीत. 'नेट स्लो असेल' हे उत्तर आम्ही जमेस धरत नाही. दुसरा प्रश्न: इव्हॅल्युएशन, म्हणजे त्या १८० दिवसांच्या फुकट आवृत्तीवरचा डोमेन कंट्रोलर थेट रिटेलमध्ये, म्हणजे विकतच्या आवृत्तीत, बदलता येतो का? येत नाही. परवान्याच्या सर्व्हरवर दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करायचा, एफएसएमओ रोल (डोमेनच्या खास जबाबदाऱ्या) तिकडे हलवायचे आणि जुना उतरवायचा. लिनक्सच्या सरांना विचारा, एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना डिस्क जोडायच्या यादीत, एक ओळ चुकली तर आरएचसीएसएत काय होते? मशीन रीबूटनंतर इमर्जन्सी मोडमध्ये अडकते, आणि तुमचे काम रीबूटनंतर टिकले तरच त्याला गुण असतात. ज्याने ही परीक्षा दिली आहे तो हे विचार न करता सांगतो.

'पास गॅरंटी' म्हणजे डंप (चोरलेले प्रश्न आणि उत्तरे), नाहीतर तुमच्या जागी दुसराच परीक्षेला बसणार. पकडले गेले तर सर्टिफिकेट रद्द आणि पुढच्या परीक्षांवर बंदी. ती बंदी पोराच्या नावावर येते, संस्थेच्या नाही. आरएचसीएसएला तर डंप पाठ करून चालतच नाही, तिथे पर्याय निवडायचे नसतात, मशीनवर काम करून दाखवायचे असते.

सगळ्यात महागडा सापळा मात्र 'बिनव्याजी हप्त्यां'चा. टॅबवर पोराचा सेल्फी, पॅन, आणि "रजिस्ट्रेशनचा ओटीपी सांग भाऊ". तो ओटीपी कर्जाचा असतो. पूर्ण फी वित्त कंपनीकडून संस्थेला जाते, हप्ता पोराच्या खात्यातून कटतो. शटर बंद झाले तरी कर्ज चालूच राहते, खात्यात पैसे नसले की बाउन्स चार्ज लागतो आणि सिबिल पडतो, आणि बँकेला कळवून हप्ता थांबवला तरी देणे संपत नाही. कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावेच लागते. त्यात कर्ज देणाऱ्याचे नाव, एपीआर (कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत) आणि कूलिंग ऑफ मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरले की दंडाशिवाय बाहेर पडता येते. म्हणून हा कागद त्याच रात्री वाचायचा.

शेवटच्या महिन्यात नोकरीच्या हमीचे रूपांतर 'दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो, वेगळे पैसे' असे होते. पार्श्वभूमी तपासणीत पीएफचा यूएएन नंबर मागतात. त्यात त्या दोन वर्षांची एकही नोंद नसते, आणि मिळालेली नोकरीही जाते.

पैसे आधीच गेले असतील तर पत्रक, व्हॉट्सअॅपवरची आश्वासने आणि पावती एकत्र ठेवा, संस्थेला लेखी मागणी पाठवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. पावती व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिली असेल तर आजच पक्की मागा. यूपीआयचे पैसे संस्थेच्या खात्यात गेले की काउंटरवरच्या माणसाच्या नंबरवर, तेही बघा. तिथे गेले असतील तर संस्था सहज म्हणते, "हा विद्यार्थी आमच्याकडे नव्हताच."