घरी बांधलेल्या गाडीचे वॉर्निंग लॅम्प: जुनं मीटर, सुटे दिवे की डिजिटल स्क्रीन?

आधी मंजुरीची वाट कोणती ते सांगतो. घरी बांधलेली गाडी नुसती समोर उभी केली म्हणून नाशिक आरटीओ तिला एमएच १५ चा नंबर देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नमुन्याची मंजुरी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून आणावी लागते. आपल्याला जवळच्या संस्था म्हणजे पुण्यातली एआरएआय, तिथलीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. डॅशबोर्डवरच्या खुणा आणि रंगांसाठी एआयएस-०७१ हे मानक आहे. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीसाठी आयव्हीए ही वेगळी तपासणी असते. ती इथे लागू नाही, पण तिच्यातला एक मुद्दा उचलण्यासारखा आहे: ब्रेक ऑइल कमी झाल्याचा दिवा त्या ऑइलच्या टाकीचं झाकण न उघडता तपासता आला पाहिजे.

जुनं मीटर, सुटे दिवे की स्क्रीन, काहीही निवडा, काही गोष्टी बदलत नाहीत. अप्परचा (हेडलाईटच्या लांबच्या झोताचा) दिवा निळा, इंडिकेटरचा हिरवा, ब्रेकचा लाल, एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा. चावी फिरवली की ब्रेक, इंजिन ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागलेच पाहिजेत, आणि सीटवर बसल्यावर स्टिअरिंगच्या दांड्याआड एकही दिवा जाता कामा नये.

जुन्या गाडीचं पूर्ण मीटर

इंजिन, वायरिंग आणि मीटर (स्पीडचा काटा आणि दिवे असलेला डॅशबोर्डवरचा संच) एकाच गाडीचं मिळत असेल तर दुसरं काही शोधू नका. खुणा, रंग, चावीवरची तपासणी हे सगळं तयारच असतं. मात्र कपलर (वायरी जोडायचा प्लग) मुळाशी कापून दिलेलं मीटर घेऊ नका. कपलरसोबत निदान फूटभर वायर हवी, नाहीतर कोणती वायर कशाची हे शोधण्यातच दिवस जातात.

अडचण नव्या गाड्यांच्या मीटरची. कॅन वायरिंगवर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरींवर) चालणाऱ्या मीटरला एबीएस आणि एअरबॅगचं मॉड्यूल सापडलं नाही की ते दिवे कायम जळत राहतात. तुमच्या गाडीत ती यंत्रणा नसेल तर खुणेसकट तो दिवा काढून टाका. यंत्रणा असेल तर दिव्यावर टेप लावणं म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. काही गाड्यांत इमोबिलायझर (चावी न ओळखल्यास इंजिन रोखणारी यंत्रणा) मीटरशी जोडलेला असतो, त्यामुळे मीटर बदललं की इंजिनच सुरू होत नाही. टायरचा आकार बदलला असेल तर स्पीडही चुकीचा दिसेल.

सुटे दिवे

कार्ब्युरेटरच्या किंवा साध्या डिझेल इंजिनाला हाच पर्याय उत्तम, पण खरी मेहनतही इथेच आहे. सातपूर-अंबडकडे पॅनेलच्या सामानात २२ मिलिमीटरचे दिवे सहज मिळतात. त्यातले बरेच २३० किंवा २४ व्होल्टचे असतात आणि १२ वर मंद जळतात किंवा लागतच नाहीत. १२ व्होल्टचेच मागा. त्यांच्यावर खुणा नसतात, त्या वेगळ्या छापून लावाव्या लागतात.

बॅटरीच्या दिव्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं) काम सुरू करतो. तिथे २-३ वॉटचा बल्ब हवा. एलईडी लावायचा असेल तर त्याला समांतर ४७ ओहमचा, निदान ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. नाहीतर इंजिन चांगलं रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

ब्रेकच्या दिव्याला ब्रेक ऑइलच्या टाकीतला फ्लोट स्विच (ऑइलवर तरंगणारा स्विच) आणि हँडब्रेकचा स्विच समांतर, दोन्ही अर्थच्या (गाडीच्या बॉडीच्या, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाच्या) बाजूने जोडा. चावीवर दिवा लागण्यासाठी दिवा आणि स्विच यांच्यामधून अल्टरनेटरच्या ‘एल’ टर्मिनलला (बॅटरीच्या दिव्याची वायर जाते तिथे) १एन४००७ डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावा, पट्टा ‘एल’कडे. इंजिन बंद असताना ‘एल’ अर्थवर असतो, म्हणून दिवा लागतो. चार्जिंग सुरू झालं की डायोड वाट अडवतो.

इंजिन ऑइलच्या दाबाच्या स्विचला एकच वायर असते, अर्थ त्याच्या आट्यांतून मिळतो. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळला तर अर्थ तुटू शकतो आणि चावीवर दिवा लागत नाही.

डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून एकच दिवा दोन्ही वायरींच्या मध्ये लावणं ही जुनी युक्ती आहे. विरुद्ध बाजूच्या बल्बमधून त्याला अर्थ मिळतो. पण हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावलं की दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझलेलाच राहतो. दोन वेगळे हिरवे दिवे लावा आणि हझार्डला स्वतःचा लाल. बाहेर एलईडी असतील तर फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले) इलेक्ट्रॉनिक घ्या. मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप हवी.

अप्परचा दिवा रिलेच्या ८७ नंबरच्या (हेडलाईटकडे जाणाऱ्या) टर्मिनलवरून घ्या, स्विचवरून नको. नाहीतर रिले जळला तरी निळा दिवा लागत राहील. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत हेडलाईटचा स्विच अर्थ तोडतो, तिथे ही जोडणी उलटी होते. आधी मल्टिमीटर लावून बघा.

डिजिटल स्क्रीन

तापमान, आरपीएम, इंजिनाच्या तक्रारी दाखवायला स्क्रीन उत्तम. धोक्याचे दिवे मात्र तिच्यावर सोपवू नका. स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज पडला की स्क्रीन पुन्हा सुरू होते आणि नेमक्या त्याच वेळी ब्रेकचा इशारा दिसत नाही. वैशाखातल्या उन्हात उघड्या गाडीत स्वस्त स्क्रीन वाचताही येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२१ नियमातही ब्रेक, अप्पर आणि इंडिकेटर यांचे इशारे एकाच जागेवर आळीपाळीने दाखवायला मनाई आहे. स्क्रीन घ्यायचीच असेल तर ब्रेक, अप्पर, दोन्ही इंडिकेटर आणि हझार्ड असे पाच दिवे तिच्या शेजारी सुटे लावा.

आमचा कौल असा: इंजिन ईसीयूचं (कॉम्प्युटरवर चालणारं) असेल तर त्याच गाडीचं मीटर, साधं असेल तर सुटे दिवे. स्क्रीन फक्त जोडीला. आणि इगतपुरी-त्र्यंबककडे पावसात गाडी न्यायची असेल तर फ्लोट स्विचचा कपलर रबरी सीलचा घ्या. पाणी शिरून तो गंजला की सर्किट तुटतं, आणि ब्रेक ऑइल संपत आलं तरी लाल दिवा लागत नाही.