उत्रेख्तचे कालवे: दोन दिवस, दोन बोटी

नेदरलँड्समध्ये कालव्यांचे शहर पाहायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात ॲम्स्टरडॅमच येते. माझी थोरली बहीण आणि मी मे महिन्यातला एक शनिवार-रविवार मात्र ठरवून उत्रेख्तसाठी राखून ठेवला. ॲम्स्टरडॅमहून आगगाडीने हे शहर अर्ध्या तासाच्या आत येते. दोन्ही दिवस शहर होता होईल तेवढे पाण्यावरूनच पाहायचे, असा आमचा बेत होता. त्यासाठी शनिवारी काचेच्या छताच्या बोटीतून तासाभराची माहितीफेरी घेतली आणि रविवारी स्वतः चालवायची, विजेवर चालणारी छोटी बोट तीन तासांसाठी भाड्याने घेतली. ज्यांना यांपैकी एकच फेरी करता येणार आहे त्यांनी छोटी बोट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे शहर पाण्यावरून का पाहायचे, हे कळायला त्याची रचना ठाऊक हवी. मुख्य कालवा आउडेग्राख्त, म्हणजे जुना कालवा. 1122 मध्ये वैक बै ड्यूरस्टेडे येथे ऱ्हाईनच्या जुन्या प्रवाहाला बांध घातला गेला आणि शहरातल्या पाण्याची चढ-उतार थांबली. पाणी एका पातळीला राहू लागल्यामुळे व्यापाऱ्यांना काठावर रस्त्यापेक्षा बरेच खाली, अगदी पाण्यालगत धक्के बांधता आले आणि धक्क्यापासून रस्त्याच्या पोटातून थेट आपल्या घरापर्यंत तळघरे खोदता आली. जहाजातला माल धक्क्यावर उतरे आणि तिथून सरळ तळघरात जाई. त्यामुळे उत्रेख्तला दोन मजले आहेत. वर रस्ता, सायकली आणि दुकाने, तर खाली धक्का, तळघरांची दारे आणि धक्क्यावर वाढलेली मोठमोठी झाडे. या झाडांचे शेंडे वरच्या रस्त्यावरून चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात, बुंधे मात्र खालूनच दिसतात. पुलावरून डोकावून हा खालचा मजला पुरता दिसत नाही.

शनिवारच्या फेरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिकीट माणशी वीस युरोंच्या आत होते, बोट वेळेवर सुटली आणि चालकाने अरुंद कमानींखालून ती फार सफाईने काढली. ध्वनिमुद्रित माहिती नेमकी होती. विंकेल फान सिंकेल या 1839 सालच्या भव्य दुकानाची हकिगत मला तिथेच प्रथम कळली. त्याच्या दर्शनी भागात स्त्रीरूपातले ओतीव लोखंडाचे खांब आहेत. ते इंग्लंडहून जहाजाने आले आणि उतरवताना त्यांच्या वजनाने शहराची माल उतरवण्याची क्रेनच कोसळली. परंतु आम्हाला मधल्या रांगेत जागा मिळाली होती, काचेवर जुने ओरखडे होते आणि समोरून ऊन आले की काचेपलीकडचे धक्के धूसर होत. ज्या मजल्यासाठी आम्ही आलो होतो तोच नीट दिसत नव्हता. सोबत वृद्ध माणसे किंवा लहान मुले असतील, किंवा पाऊस असेल, तर ही फेरी सोयीची आहे. एरवी पहिल्या दिवशी शहराची तोंडओळख करून घेण्यापुरताच तिचा उपयोग.

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही छोटी बोट ताब्यात घेतली. अशा लहान, संथ बोटीला नेदरलँड्समध्ये परवाना लागत नाही. उजव्या बाजूने चालायचे, मोठ्या बोटीला वाट द्यायची आणि आखलेल्या मार्गाबाहेर जायचे नाही, एवढे पाळले की झाले. मोटर जवळजवळ निःशब्द होती आणि बॅटरी तीन तासांनंतरही निम्म्याहून अधिक शिल्लक होती. तक्रार आहे ती बोट ताब्यात देण्याच्या पद्धतीबद्दल. तिथल्या तरुणाने दोन-तीन मिनिटांत नकाशा हातात ठेवला आणि पुढे-मागे करायचा दांडा दाखवून तो पुढच्या ग्राहकाकडे वळला. सुकाणू डावीकडे लोटले की बोटीचे तोंड उजवीकडे वळते आणि थांबायचे असेल तर बरेच आधी उलट गती द्यावी लागते, हे त्याने सांगितलेच नाही. परिणामी दुसऱ्याच पुलाखाली आमची बोट आडवी झाली. मागून कयाकमध्ये आलेल्या एका बाईंनी शांतपणे आम्हाला तोंड वळवायला शिकवले. ज्यांनी पूर्वी बोट चालवलेली नाही त्यांच्यासाठी धक्क्याजवळ पाच मिनिटांचा सराव घेणे हे अशा सेवेचे कर्तव्यच आहे. पैसे भरण्यापूर्वी तो मागून घ्यावा.

एकदा हात बसल्यावर मात्र सकाळ फार सुंदर गेली. आउडेग्राख्तच्या भिंतींवर, रस्त्यावरच्या दिव्यांच्या बरोबर खाली, दगडाचे कोरीव आधार बसवलेले आहेत. असे शेकडो आधार आहेत आणि जवळजवळ प्रत्येकावरचे शिल्प वेगळे आहे. कुठे कारागीर, कुठे प्राणी, कुठे लोककथेतला एखादा प्रसंग. आदल्या दिवशी काचेआडून यातले एकही धड दिसले नव्हते. "ताई, मोटर बंद कर ना जरा," असे मी किती वेळा म्हटले असेन! बोट भिंतीजवळ वाहत जाऊ दिली की शिल्प हातभर अंतरावर येते, त्याच्या खोबणीत साचलेले हिरवे शेवाळ आणि छिन्नीच्या खुणा स्पष्ट दिसतात आणि पाण्यावरून उठलेला उजेड दगडावर हलत राहतो.

त्यापुढचा भाग म्हणजे शहराभोवतीचा सुमारे सहा किलोमीटरचा वळसा. जुन्या तटाबाहेरचा हा खंदक, म्हणजे सिंगल. त्याची पश्चिमेची बाजू, काथारैनेसिंगल, विसाव्या शतकात मोटारींसाठी कोरडी करून तिथे रुंद रस्ता करण्यात आला होता. 2002 मध्ये नागरिकांनी सार्वमतात पाणी परत आणण्याच्या बाजूने कौल दिला आणि 12 सप्टेंबर 2020 रोजी हा वळसा पुन्हा पुरा झाला. जिथून आमची बोट चालली होती तिथून एकेकाळी गाड्या धावत होत्या, हे तिथल्या झाडाझुडपांकडे पाहून खरे वाटत नाही. पुढे कालवा होख काथारैने या मोठ्या व्यापारी संकुलाच्या खालून जातो. उन्हातून एकदम सावलीत शिरल्यावर गारवा अंगाला लागतो, आवाज बदलतो, डोक्यावर लोक खरेदी करत हिंडत असतात आणि खाली वल्ह्याचा प्रत्येक थेंब ऐकू येतो. पलीकडच्या टोकाचा उजेड हळूहळू मोठा होत जातो. या दोन दिवसांतली माझी सर्वांत आवडती मिनिटे हीच होती. बोट घेताना तिला हा पूर्ण वळसा घालायची मुभा आहे ना, हे अवश्य विचारावे.

पूर्वेकडची बाजू हिरवी आणि निवांत आहे. तट पाडल्यावर एकोणिसाव्या शतकात झोखर या उद्यानरचनाकाराच्या आराखड्यानुसार इथे बागा झाल्या. जुन्या बुरुजावर उभी असलेली सोनेनबोर्ख वेधशाळाही पाण्यावरून छान दिसते. सारा वेळ 112 मीटर उंचीचा डोम मनोरा कधी पुढे, कधी पाठीमागे दिसत राहतो. तो 1382 मध्ये पुरा झाला. तो आणि त्याचे डोम चर्च यांना जोडणारा मधला भाग 1674 च्या वादळात कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही, म्हणून मनोरा आज एकटाच उभा आहे.

दोन गोष्टींसाठी बोटीतून उतरावे लागले. आउडेग्राख्तच्या दक्षिण भागात, वरच्या रस्त्यावर, 2012 पासून दर शनिवारी दुपारी एक वाजता एका कवितेचे एकेक अक्षर फरसबंदीच्या दगडात कोरले जाते. शनिवारी आम्ही तिथे उभ्या राहून ते पाहिले. दगडाची पूड झटकल्यावर ताजे अक्षर शेजारच्या मळलेल्या अक्षरांपेक्षा कितीतरी पांढरे दिसत होते. दुसरी गोष्ट उत्तर टोकाला, वेर्डस्लाउस येथे. वसंतात अंडी घालायला वर निघालेले मासे तिथल्या जलपाशाच्या, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या हौदाच्या, बंद दारांशी अडून राहतात. पाण्याखालच्या कॅमेऱ्यात मासे दिसले की जगात कुठूनही कुणीही संकेतस्थळावरची घंटा दाबायची आणि दार उघडायची वेळ झाल्याचे तिथल्या माणसाला कळवायचे, अशी व्यवस्था शहराने 2021 पासून केली आहे. काठावर बसून ताईने फोनवर तो कॅमेरा लावला. गढूळ हिरव्या पाण्याखेरीज बराच वेळ काही दिसेना. मग एक करडी पाठ पडद्यावरून सरकली आणि तिने लगेच घंटा दाबली.

छोट्या बोटीचे भाडे आम्हा दोघींत माणशी शनिवारच्या तिकिटाच्या दुपटीहून अधिक पडले. चौघे असतील तर तो फरक जवळजवळ उरत नाही. दोन तासांत वळसा होतो, पण थांबत जायचे असेल तर तीन तास घ्यावेत आणि सकाळी दहाच्या आत निघावे. अकरानंतर आउडेग्राख्तच्या कमानींखाली पायडल-बोटी, कयाक आणि फेरीच्या बोटी यांची एकच दाटी होते आणि नवख्या हाताला तिथे बोट सांभाळणे कठीण जाते. आम्ही परतलो तेव्हा साडेबारा वाजले होते. धक्क्यावरच्या टेबलांवर जेवणारी माणसे बसली होती आणि सकाळच्या त्याच तरुणाने आमची दोरी पकडली. सरावाबद्दलची सूचना आम्ही त्याला तिथेच सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि पुढच्या कुटुंबाला बोट देताना सुकाणू दोनदा फिरवून दाखवले.