आखाड्यावरचं पिवळं मल्टिमीटर: दोन हंगाम वापरल्यानंतर

खरिपात सोयाबीनच्या फवारणीच्या वेळी व्होल्टेज आणि करंट मोजायचं हे साधं डिजिटल मल्टिमीटर घेतलं, आता हरभराही निघाला. आमचा आखाडा, म्हणजे शेतावरची वस्ती, परभणी जिल्ह्यात, गावापासून लांब. तिथला सगळा कारभार १२ व्होल्ट डीसीवर चालतो: सोलर प्लेट, बॅटरी, रानडुकरांसाठी झटका मशीन, फवारणीचा पंप, एक पंखा. एवढं सामान ज्याच्याकडं आहे त्यानं दोन-तीनशे रुपयांचं हे मीटर घ्यावंच.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते बॅटरी पारखायला. फवारणी पंपाची बॅटरी नुसती मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल्ल. पण पंप चालू ठेवून त्याच टोकांवर मोजली की आकडा १०.४ वर घसरायचा. नुसतं मोजताना बॅटरीतून करंट जवळपास निघतच नाही, कारण मीटरचा स्वतःचा रोध (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) दहा लाख ओहमच्या घरात असतो. पंप तीनेक अँपिअर ओढायला लागला की बॅटरीच्या आतला रोध आपला वाटा खातो. बॅटरी जुनी झाली की हा रोध वाढतो. म्हणून दुकानदारानं नुसता आकडा दाखवून ‘बॅटरी ठणठणीत आहे’ म्हटलं तरी भार टाकून मोजायला लावा.

दुसरा उलगडा पंख्याचा. बॅटरीपासून ३० मीटरवर पंखा, दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. बॅटरीपाशी १२.४, पंख्यापाशी ११. या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. करंट जाऊन परत येतो, म्हणून लांबी ६० मीटर धरायची: रोध ०.७२ ओहम. पंखा २ अँपिअरचा, करंट आणि रोधाचा गुणाकार केला की वायरीत गेलेले १.४४ व्होल्ट. जर्मन शास्त्रज्ञ ओहमनं १८२७ साली मांडलेला हा नियम आखाड्यावर असा चोख उतरलेला बघून मला फार आनंद झाला. घरच्या २३० व्होल्टमध्ये दीड व्होल्ट गेल्याचं कुणाला कळतही नाही, पण १२ मधून दीड गेला म्हणजे आठवा हिस्सा गेला. १२ व्होल्ट डीसीला वायर जाड हवी आणि बॅटरी जवळ हवी, ती यामुळंच.

सोलर प्लेटही मोजा. ‘१२ व्होल्टची’ प्लेट मोकळी ठेवून उन्हात मोजली की २१ च्या आसपास दाखवते. त्यात बिघाड काही नाही, ती तशीच बनवलेली असते. मे महिन्यात हाच आकडा थोडा उतरतो, कारण तापल्यावर सेलचा व्होल्टेज कमी होतो.

आता तक्रारी. सोबतच्या वायरी कडक आहेत, पिनेच्या मानेपाशी लवकर तुटतात. वेगळ्या घेतलेल्या मऊ वायरींनी काम सोपं झालं. भर उन्हात आकडे दिसत नाहीत, अंगाची सावली करावी लागते.

करंट मोजताना मात्र जपून. व्होल्टेज दोन टोकांवर मोजतात. करंटसाठी वायर तोडून मीटर मधे घालावं लागतं. १० अँपिअरच्या भोकाला या मीटरमध्ये फ्यूज नाही. लाल वायर तिथंच राहिली आणि पिना थेट बॅटरीला लागल्या तर सरळ शॉर्ट सर्किट होतं. काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात घालायची, पोरांनाही मी हेच शिकवलंय.

आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे वाढीव येतात. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह दिसलं की ती आधी बदला, मग मोजा.