साउंडबॉक्सचा दुरुस्ती-संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्रामोफोनच्या सुईची थरथर अभ्रकाच्या पडद्याने आवाजात बदलणाऱ्या डबीसाठी, म्हणजे साउंडबॉक्ससाठी, जो तयार दुरुस्ती-संच विकला जातो, त्यात पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसवायची पोकळ सिलिकॉन नळी आणि मधमाशांच्या मेणाचा खडा याखेरीज काहीही नसते, आणि तरीही त्याची किंमत सुट्या नळीच्या कितीतरी पट असते. माझ्या चावीच्या ग्रामोफोनमधली मूळ रबरी नळी वाळून तिचे तुकडे पडू लागले होते. पडदा दोन मऊ गाद्यांमध्ये मोकळा राहण्याऐवजी कडक रबरात आवळला गेल्यामुळे गायकाने वरचा स्वर लावला की घरघर ऐकू येई.

बसवण्याचे काम नाजूक असले तरी अवघड नाही. नळीची दोन्ही टोके फट न राहता एकमेकांना भिडली पाहिजेत, आणि सुईच्या दांडीचा स्क्रू घट्ट केल्यावर पडदा आत किंवा बाहेर ओढला जाता कामा नये. त्यानंतर स्क्रूच्या छिद्राभोवती मेणाचा थेंब सोडून हवा बंद करायची. पहिले काही आठवडे आवाज इतका मोकळा येत होता की या संचाची मी अनेकांकडे शिफारस केली.

ती शिफारस आता अर्धवट मागे घेतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या रोज वाजवू लागल्यावर, प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावूनही, कर्कशपणा परतला आणि खर्जाचे स्वर पातळ झाले. विक्रेत्याने दोष तबकड्यांना दिला. खरा दोष साउंडबॉक्सच्या पाठीमागच्या रबरी कड्यात होता. हे कडे साउंडबॉक्सची थरथर टोनआर्मच्या, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या पोकळ दांड्याच्या, धातूत जाऊ देत नाही आणि जोडातून हवाही निसटू देत नाही. ते दगडासारखे झाले की पुढची नळी कितीही मऊ असली तरी उपयोग अर्धाच. त्यातच माझे कडे तडकलेले होते.

ते काढताना मागच्या पत्रीचे स्क्रू जबरदस्तीने फिरवू नयेत, कारण जुनी जस्तमिश्र ओतीव पत्री फुगलेली असते आणि बिस्किटासारखी तुटते. स्क्रूंवर पातळ तेल सोडून रात्रभर थांबलो, मग कडकडीत रबर टोचणीने कणाकणाने खरवडले. स्वतंत्रपणे मागवलेले नवे कडे बसवताच खर्ज परत आला. एवढा मोठा फरक नळी बदलूनही पडला नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही, कारण ज्या भागावर आवाजाचा निम्मा भार आहे तोच संचातून वगळलेला आहे आणि जाहिरातीत मात्र ‘संपूर्ण’ असे लिहिलेले आहे.

नळीबद्दल तक्रार नाही. सिलिकॉनचे रबरासारखे वाळून तुकडे होत नाहीत. मात्र ती सुटी, मापाने घ्यावी, मेण वेगळे आणावे आणि वाचलेल्या पैशांत मागचे कडे मागवावे. चावी देताना येणारा धपधप आवाज या दुरुस्तीने जाणार नाही. तो मुख्य स्प्रिंगमधल्या सुकलेल्या ग्रीसचा आहे, आणि त्यासाठी मोटर उघडावीच लागेल.